स्वस्त विजेचं वेळापत्रक

२ मार्च, सोमवार

विजेचं बिल आलं. उभ्याने वाचलं. मग बसून वाचलं. आकडा तोच.

आणि नेमकं आजच बायकोने मोठ्या ओव्हनचं काढलं. कोपऱ्यावरच्या शाळेच्या कँटीनला रोज ताजे पाव हवेत. मुख्याध्यापिकाबाईंनी स्वतः हिला विचारलंय. जूनमध्ये सुरुवात, आणि होय की नाही ते एप्रिल संपायच्या आत कळवायचं. आमच्या ओव्हनमध्ये एका वेळी जेमतेम डझनभर पाव मावतात, शाळेत पोरं ढीगभर. तेव्हा मोठा ओव्हन हवा. पैसे तिने बिस्किटं विकून साठवलेत. तुमच्याकडून काही नको, फक्त हो म्हणा, असं म्हणाली. बऱ्याच वर्षांनी तिने काहीतरी मागितलं.

मी हो म्हणणारच होतो, पण हातात बिल होतं. वीजजोडणी माझ्या नावावर, त्यामुळे ओव्हनचा अंतिम निर्णय आपोआप माझ्याकडे येतो. म्हणालो, आधी बिल खाली उतरू दे, मग ओव्हन वर चढवू. वाक्य फार छान जमलं. मुलगी कॉलेजातून येऊन जेवत होती. बिल खाली उतरवणार कोण, असं तिने विचारलं. मी, असं सांगितलं. दोघींनी एकमेकींकडे बघितलं. कौतुकानेच असणार.

५ मार्च, गुरुवार

वीज कंपनीच्या ऑफिसातून पत्रक आणलं. एका बैठकीत वाचून काढलं. (पुढची बाजू.)

आमचा सध्याचा प्लॅन टप्प्यांचा. पहिली काही युनिटं स्वस्त, त्यापुढची महाग, त्याच्यापुढची आणखी महाग. दुसरा प्लॅन साधा. कधीही वापरा, कितीही वापरा, दर एकच. हा आळशी लोकांसाठी. तिसरा वेळेनुसार. सकाळी अकरा ते दुपारी चार वीज एकदम स्वस्त, कारण तेव्हा उन्हापासून केलेली वीज भरपूर असते. संध्याकाळी सहा ते रात्री दहा दुपटीहून महाग, कारण तेव्हा सगळं गाव एकदम घरी येऊन बटणं दाबतं. बाकी वेळ मधला दर.

वाचता वाचता अंगावर काटा आला. वेळेनुसार! मी बस कंपनीच्या वेळापत्रक विभागात आहे. कुठली बस किती वाजता सुटते हे झोपेत विचारलं तरी सांगेन. हा प्लॅन काढताना कंपनीच्या डोळ्यांसमोर माझ्यासारखाच कोणीतरी असणार.

पत्रकाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात बराच मजकूर आहे. तो वकिलांसाठी असतो.

९ मार्च, सोमवार

कंपनीत फोन केला. अर्धा तास गाणं ऐकवलं. मग एक बाई बोलल्या. मागची बाजू वाचली आहे का, असं विचारलं. हो म्हणालो. पानाला मागची बाजू आहे हे मी बघितलं होतंच. आठवड्याभरात नवा मीटर बसेल. सोळापासून नवा प्लॅन चालू.

बायकोने विचारलं, साधा का नाही घेतला? मी नुसतं हसलो.

१५ मार्च, रविवार

दिवसभर बसून घराचं वेळापत्रक तयार केलं. तीन रंगांत. हिरवा म्हणजे स्वस्त, पिवळा म्हणजे मधला, लाल म्हणजे हात लावायचा नाही. फ्रिजच्या दारावर चिकटवलं. फ्रिजला इतकी शोभा कधीच नव्हती.

ठळक मुद्दे : गीझर, वॉशिंग मशीन, इस्त्री, ओव्हन आणि विजेची शेगडी, सगळं अकराच्या ठोक्याला. मुलगी म्हणाली, सगळं अकरालाच कशाला, चारपर्यंत वेळ आहे की. तिला म्हणालो, दुकानात सेल लागला की माणूस दार उघडायच्या आत रांगेत उभा राहतो. तिला पटलं असावं. खोलीत निघून गेली.

१६ मार्च, सोमवार

पहिला दिवस. ऑफिसातून घरी फोन लावला. तयार राहा म्हणालो. बायको म्हणाली, एका हातात फोन आहे, दुसरा कणकेत आहे. अकरा वाजले, तसं मी 'सोडा' म्हणालो. आमच्याकडे बस निघताना असंच म्हणतात. शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस दचकून उभा राहिला.

सकाळची आंघोळ गार पाण्याने, कारण गीझर अकराला. एकदम ताजंतवानं वाटलं. दात बराच वेळ वाजत होते.

संध्याकाळी सहाला एक दिवा सोडून सगळे बंद. जेवायला दुपारचं सूप, गार. सूप गार पिण्याची पद्धत कुठल्यातरी देशात आहे असं वाचल्याचं आठवतं. बायकोने विचारलं, कुठल्या? उद्या सांगतो म्हणालो.

१८ मार्च, बुधवार

मुलगी आता रोज सहा वाजता मैत्रिणीकडे अभ्यासाला जाते. प्लॅनमुळे अभ्यासाला शिस्त लागली.

मी समोरच्या दंतवैद्यांकडे जाऊन बसलो. त्यांच्याकडे संध्याकाळी किती वीज वाया जाते त्याचं निरीक्षण केलं. चार दिवे, टीव्ही आणि एसी. एसी फार छान गार होता. नऊपर्यंत निरीक्षण केलं.

२१ मार्च, शनिवार

डॉक्टरांकडे निरीक्षण. त्यांच्या पत्नीने गरम सूप दिलं. तुलनेसाठी घेतलं. दोन वाट्या.

२४ मार्च, मंगळवार

डॉक्टर म्हणाले, रोज येताच आहात, तर तोंड उघडा, बघून टाकू. नाही म्हणवेना, कारण त्यांच्या खुर्चीत बसलो होतो. उजवीकडची खालची दाढ किडलीय म्हणाले. बाकीचे दात गार पाण्याने आंघोळ केल्याने वाजतात, हा माझा अंदाज त्यांनी उडवून लावला नाही.

२७ मार्च, शुक्रवार

आज मोठा शोध लागला. फ्रिज! आख्खा दिवस, लाल तासांतसुद्धा, तो आपला गुरगुरत बसलेला असतो, आणि वेळापत्रक त्याच्याच छातीवर चिकटवलेलं. बायको बाजारात गेली होती. सहाला फ्रिजचा प्लग काढला. दार बंद असलं की गारवा आत टिकतो, हे साधं विज्ञान आहे.

मग डॉक्टरांकडे गेलो. दाढ काढली. परत आलो तो स्वयंपाकघरात बायको उभी आणि फ्रिजचं दार उघडं. मुख्याध्यापिकाबाईंना नमुना म्हणून उद्या सकाळी पाव न्यायचे होते, त्याचं पीठ तिने फ्रिजमध्ये ठेवलं होतं. सावकाश फुगावं म्हणून. ते भराभर फुगलं. झाकण उचललं, वरच्या फळीवर चढलं, अंड्यांना मिठी मारली आणि दारातून बाहेर निघालं.

मला बोलता येत नव्हतं. तोंडात कापूस. माझी बाजू खुणांनी मांडली.

बायकोने नवं पीठ मळलं. आणि लाल तासात, भर लाल तासात, ओव्हन लावला. मी बाहेर जिन्यात जाऊन मीटरसमोर उभा राहिलो. मीटरचा तांबडा ठिपका जे काही लुकलुकत होता! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दाढेमुळे.

२८ मार्च, शनिवार

नमुना पसंत. बाईंनी तिथेच उभ्याने तीन पाव खाल्ले म्हणे. बायको सांगताना लहान मुलीसारखी हसत होती. मलाही फार बरं वाटलं. पण लगेच गंभीर झालो. अट ती अट. ओव्हनचं काय ते बिल आल्यावर बघू, असं म्हणालो. तिचं हसू मावळलं. तेवढं एक जरा चुकलं का, असं रात्रभर वाटत होतं.

नाही चुकलं. तत्त्व म्हणून काही असतं की नाही?

२ एप्रिल, गुरुवार

बिल आलं. वाढलंय.

संक्रमणाचा काळ. नवा रस्ता सुरू केला की पहिल्या महिन्यात बस रिकाम्याच धावतात. शिवाय बिलात 'कमाल मागणी आकार' म्हणून एक भलतीच मोठी रक्कम लागलीय. कंपनीची काहीतरी चूक दिसते. मी कधी कसली मागणी केली?

निश्चय : दुप्पट शिस्त.

६ एप्रिल, सोमवार

आपोआप चालू होणारे टायमर आणले. पाच. आता फोनची गरज नाही. सगळे अकरावर लावले. शिवाय पाणी तापवायचा मोठा हीटर आणला. अकराला पाणी उकळायचं, थर्मासात भरायचं, संध्याकाळी गरम चहा. हा खरा दूरदृष्टीचा प्लॅन.

बायको म्हणाली, एवढं सगळं एकदम झेपेल का? कोणाला, असं विचारलं. भिंतीला, असं म्हणाली. तिला विजेतलं कळत नाही.

७ एप्रिल, मंगळवार

अकराला ऑफिसात बायकोचा फोन. घरची वीज गेली, म्हणाली. थांबा, येईल, म्हणालो. फक्त आपलीच गेलीय, म्हणाली. आणि भिंतीतून जळका वास येतोय.

वायरमनला बोलवावं लागलं. त्याने फ्यूज बदलला आणि टायमर बघून बराच वेळ हसला. त्याला त्यातलं इंजिनिअरिंग आवडलं असावं.

१० एप्रिल, शुक्रवार

आज मुलीने पत्रकाची मागची बाजू वाचली. मोठ्याने. जेवताना.

तर असं आहे म्हणे, की वेळेनुसार प्लॅनमध्ये नुसती युनिटं मोजत नाहीत. महिन्याभरात कुठल्यातरी एका अर्ध्या तासात तुम्ही एकदम जास्तीत जास्त जेवढी वीज ओढाल, त्याचे वेगळे पैसे. महिन्यातून एकदा ओढली तरी पूर्ण महिन्याचे. तोच तो कमाल मागणी आकार. म्हणजे हळूहळू एकेक वापरलं असतं तर काही नव्हतं. आम्ही रोज अकराला सगळं एकदम.

मग ती म्हणाली, बाबा, तुम्ही डेपोतल्या सगळ्या बस एकाच मिनिटाला एकाच गेटातून सोडता का?

मी तिला शांतपणे सांगितलं, बस वेगळी आणि वीज वेगळी. फरक काय, असं तिने विचारलं. उद्या सांगतो म्हणालो.

११ एप्रिल, शनिवार

फरक शोधतोय.

१२ एप्रिल, रविवार

फरक मिळाला नाही. पण नवं वेळापत्रक मिळालं! आता एकेक. अकरा ते बारा गीझर, बारा ते एक मशीन, मग इस्त्री, मग शेगडी, मग ओव्हन. बस सोडतात तसंच. मुलीने जे विचारलं तेच माझ्या मनात आधीपासून घोळत होतं.

बायको म्हणाली, शेगडी दोनला पेटली तर जेवण तीनला, आणि तोवर पोटात कावळे ओरडतील त्यांचं काय? आणि पाव पहाटे भाजावे लागतात, शाळा दुपारी साडेतीनला पाव घेऊन काय करणार? मी म्हणालो, शाळेची वेळ बदलून बघा.

१४ एप्रिल, मंगळवार

कंपनीत फोन. (केवळ चौकशी.) प्लॅन बदलून परत जुना घेता येईल का? त्याच बाई होत्या. एकदा घेतला की वर्षभर बदलता येत नाही, मागच्या बाजूला लिहिलंय, तुम्ही वाचलंय म्हणाला होतात, असं म्हणाल्या. त्यांच्या लक्षात कसं राहिलं कोण जाणे.

घरी सांगितलं नाही. उगाच काळजी करतील.

२० एप्रिल, सोमवार

बायकोने ओव्हनचं पुन्हा विचारलं. एप्रिल संपत आला म्हणाली. मुख्याध्यापिकाबाईंचा निरोप आलाय, होकार नाही कळवला तर त्या काम दुसऱ्या बेकरीला देतील. मी म्हणालो, बिल अजून खाली आलेलं नाही. ती म्हणाली, ते ह्या प्लॅनमध्ये येणारच नाही, आणि वर्षभर प्लॅन बदलता येत नाही हे तिला माहीत आहे, तिनेही कंपनीत फोन केला होता.

अट ती अट, एवढंच तोंडातून निघालं. ती 'बरं' म्हणाली. हिचं 'बरं' दोन प्रकारचं असतं. एकात विषय संपतो. दुसऱ्यात माझा संपतो. आजचं पहिलं होतं असं धरून चालतो.

२८ एप्रिल, मंगळवार

मागच्या खोलीत दोन माणसं भिंतीला भोक पाडत होती. बहुतेक टीव्हीची केबल. चांगलं आहे, घरात कोणीतरी करमणुकीचा विचार करतंय.

बायको खुशीत. ओव्हनचा नाद सोडला असावा. मनातून वाईट वाटलं. पण घर चालवायचं म्हणजे मन घट्ट करावं लागतं.

४ मे, सोमवार

बिल आलं. वाढलंय, पण मागच्यापेक्षा कमी वेगाने. म्हणजे वाढीचा वेग घटला. घट ती घट. मी बायकोला हे समजावून सांगितलं. ती हो हो म्हणत भिंतीची मापं घेत होती.

१२ मे, मंगळवार

ऑफिसातून आलो तो जिन्यात चार माणसं आणि त्यांच्यामध्ये एक कपाटाएवढा ओव्हन. मी वर हात करून त्यांना थांबवलं. ही जोडणी माझ्या नावावर आहे, मी परवानगी दिलेली नाही, असं बजावलं. त्यांनी ओव्हन माझ्या पायाजवळ टेकवला आणि घाम पुसत बायकोकडे बघितलं.

बायकोने मला जिन्यातल्या मीटरपाशी नेलं. माझ्या मीटरशेजारी दुसरा मीटर. नवा कोरा. खाली पट्टी, पट्टीवर तिचं नाव. मागच्या खोलीला वेगळं दार आहे, म्हणून वेगळी जोडणी मिळते म्हणे. प्लॅन साधा. पाव पहाटे भाजायचे, संध्याकाळी बिस्किटं, ओव्हन दिवसातून कधीही पेटणार, तेव्हा कधीही एकच दर हाच बरा, असं तिने तिन्ही प्लॅन ताडून ठरवलं होतं. शाळेला होकार एप्रिलमध्येच कळवला होता.

मला एका शब्दाने विचारलं का नाही, असं मी म्हणालो.

विचारलं होतं की, मार्चमध्ये, असं ती म्हणाली. रागाने नाही. साधंच म्हणाली. म्हणून जास्त लागलं.

मग मी बाजूला झालो. ओव्हन आत गेला. एका बाजूने मीही हात लावला.

१५ जून, सोमवार

शाळा सुरू. पहाटे घरभर पावाचा वास. पोचवणाऱ्या रिक्षावाल्याने ऐनवेळी टांग मारली, म्हणून पावांच्या पाट्या मी नेल्या. वाहतूक हा शेवटी माझाच विषय. मुख्याध्यापिकाबाईंनी मला विचारलं, तुम्ही त्यांच्याकडे कामाला आहात का? हो म्हणालो. खुलासा करण्याइतका वेळ नव्हता, पाव गार होत होते.

घर जरा मोकळं मोकळं वाटतंय. साफसफाई झालेली दिसते.

३ जुलै, शुक्रवार

बिल उतरलं!

नुसतं उतरलं नाही, गडगडलं. मार्चच्या बिलाच्या निम्मंही नाही. उभ्याने वाचलं, बसून वाचलं, डॉक्टरांकडे जाऊन वाचलं. शिस्त, चिकाटी, वेळापत्रक! चार महिने लोकांनी हसून घेतलं, आता बघा. मागच्या खोलीत गेलो आणि बायकोला जाहीर केलं की अट पूर्ण झाली आहे, ओव्हनला माझी परवानगी आहे. ती पाव काढत होती. थँक्यू म्हणाली, आणि हा ट्रे धरा म्हणाली.

मुलीने बिल मागितलं. वाचलं. मग विचारलं, बाबा, वॉशिंग मशीन कुठे आहे?

इथेच, मागच्या खोलीत. आणि इस्त्री? इथेच. शेगडी, फ्रिज? मी वळून बघितलं. सगळं इथेच होतं, हिच्या मीटरवर. गीझरसुद्धा, मोरी ह्याच भिंतीला लागून असल्यामुळे. जूनपासून. दोघींनी एकेक करून हलवलं होतं, आणि मी त्याच फ्रिजमधून रोज पाणी पीत होतो. माझ्या मीटरवर आता माझ्या खोलीतला पंखा आहे आणि ज्याच्या उजेडात हे लिहितोय तो दिवा.

मग एवढं तरी बिल कशाचं, असं मी जरा चिडूनच विचारलं. मुलगी म्हणाली, ह्याला स्थिर आकार म्हणतात. जोडणी आहे म्हणून द्यायचा. काही चालो न चालो, काही कामाला येवो न येवो, दर महिन्याला आहेच.

बायको म्हणाली, म्हणजे तुझ्या बाबांसारखंच की. राहू दे, तेवढं मी भरत जाईन.

रागावणार होतो. तोंड उघडलंही. पण दोघी इतक्या हसायला लागल्या, बायको तर ओट्याला टेकून, पिठाच्या हाताने डोळे पुसत, की मला आठवेना ही अशी कधी हसली होती. माझ्यामुळे तर नक्कीच नाही. मग मलाही हसू फुटलं.

ट्रे हातातच होता. कुठे ठेवू, असं तिला विचारलं. तिने जागा दाखवली, तिथे ठेवला.